एकोणसत्तर सालची शेव्हेल

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

गाड्यांच्या पार्टच्या दुकानाची पिकअप सकाळी धुतली, दुपारपर्यंत बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाने पुन्हा पांढरी. सॅगिनॉला ब्रेकचे पॅड पोचवले, येताना एसेक्सव्हिलला एक रेडिएटर. तो उतरवताना खांद्यात कळ गेली. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर म्हणाले होते, थोड्याच दिवसांत खांदा होता हे विसरून जाल. मी विसरायला तयार आहे, खांदाच नाही.

संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये मासे खायला गेलो. उपवासकाळातला पहिला शुक्रवार, त्यामुळे रांग थेट दारापर्यंत. नॉर्ब आणि कॉनी टेबल धरून बसले होते. नॉर्ब माझा थोरला भाऊ. जन्मभर त्याने लोकांच्या गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ केले, आणि मी जन्मभर कारखान्याच्या प्रेसवर तेच पत्रे दाबून काढले. आता दोघेही निवृत्त. मी मात्र अर्धा दिवस पार्ट पोचवायला जातो, कारण घरी दिसलो की इव्हॉन काम सांगते. नवरा रिकामा दिसलेला तिला खपत नाही.

मी ताट टेकवायच्या आतच नॉर्ब म्हणाला, "लेनी, सापडली."

"काय सापडली?"

"एकोणसत्तरची शेव्हेल. तीनशे शहाण्णव घनइंचाचं इंजिन. पिंकॉनिंगच्या पुढे एका बाईच्या कोठारात उभी आहे. घेऊ या."

"खांदा शिवून घेतलाय मी. गाडी काय दातांनी बांधू?"

"तू फक्त पाने-पकडी पुढे कर. तेवढं येतं ना तुला?"

नॉर्बने माझी टोपी उडवली की सर्वांत मोठ्याने कॉनी हसते. आज हसली नाही. म्हणाली, "बघून तर ये, लेनी. पण गाडी तू चालव. त्याची पिकअप अजून मेकॅनिककडेच आहे."

नाताळच्या आधीपासून मेकॅनिककडे! असा कोण मेकॅनिक आहे, एकदा जाऊन बघितलं पाहिजे.

मासे बरे होते. पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्या, थंड.

२५ फेब्रुवारी, रविवार

प्रार्थनेनंतर नॉर्बला घेऊन पिंकॉनिंगला गेलो. फाट्यावर त्याने विचारलं, "आता डावीकडे का उजवीकडे?" या भागातली निम्मी मडगार्डं त्याने सरळ केली आहेत. पण बर्फ पडलं की सगळे रस्ते सारखेच दिसतात, मीसुद्धा जरा गोंधळलोच.

बाईंचं नाव डेल्फिन बूशे. सत्तरीच्या असतील, पायात रबरी बूट, डोक्यावर नवऱ्याची टोपी. नवरा वारला. दर वर्षी म्हणायचा, "पुढच्या उन्हाळ्यात हिला रस्त्यावर आणतो." बाई म्हणाल्या, "मी पण मूर्ख, दर वर्षी खरं मानायचे."

कोठारात गाडीवर कोंबड्या बसलेल्या. एकेकीला हुसकावून खाली उतरवलं. रंग मूळचा निळा असावा. मागची मडगार्डं चाळणीसारखी. बॉनेट उघडलं, तर इंजिनावर उंदरांनी गवताची गादी घातलेली.

पण नॉर्ब! गाडीपाशी गेला आणि तिशीतला झाला. रुमालात गुंडाळलेलं चुंबक पत्र्यावरून फिरवत कुठे लोखंड, कुठे नुसती पुट्टी, हे न बघता सांगत होता. खाली सरपटत गेला, चासीत स्क्रू ड्रायव्हर खुपसला. स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला.

"मागची चासी गेली," खालून आवाज आला. "पुढची चांगली आहे. इंजिन मूळचंच आहे. एक-आठ-चार-तीन-सहा-पाच-सात-दोन."

"ते काय?" बाईंनी विचारलं.

"प्लग पेटायचा क्रम," मी म्हणालो. "त्याला बाप्तिस्म्याच्या वेळीच शिकवलाय."

मग नॉर्बने बाईंना त्याची ठरलेली गोष्ट सांगितली. शाळेच्या शेवटच्या नाचाला त्याने मावसभावाची शेव्हेल मागून नेली आणि मागे घेताना फादरांच्या कुंपणात घातली. फादर रात्रीच्या झग्यात बाहेर आले आणि म्हणाले, "बाळा, पापांची कबुली द्यायला दारानेही येता येतं." बाई खळखळून हसल्या. कोंबड्यांना दाणे टाकताना त्याने तीच गोष्ट पुन्हा सांगितली, तेव्हा बाई मान हलवून हसल्या. निघताना पिकअपच्या दाराशी त्याने ती तिसऱ्यांदा काढली. बाईंनी नॉर्बकडे न बघता माझ्याकडे बघितलं. मी कोंबड्यांकडे बघितलं. ती गोष्ट त्याला पहिल्यापासूनच फार आवडते.

बाईंनी आकडा सांगितला. फार नव्हता, थोडाही नव्हता. विचार करून सांगतो, म्हणालो.

३ मार्च, शनिवार

विचार केला. न घेण्याची कारणं मोजायला बसलो तर डायरी संपेल. चासी, तळाचा पत्रा, डिकी, वायरिंग, सीट, काचा. नवं घालायचं नाही असं काही उरतच नाही. माझा हात खांद्याच्या वर जात नाही. आणि मी दमलोय. जेवण झालं की खुर्चीतच डोळा लागतो, जागा झालो की पुन्हा झोपावंसं वाटतं.

इव्हॉनला सांगितलं. वाटलं होतं, तीच मोडता घालेल आणि सुटेन. गॅरेजमध्ये तिची गाडी असते. हिवाळ्यात सकाळी काचेवरचं बर्फ खरवडायला लागणार नाही, या एका सुखासाठी तिने माझ्याशी लग्न टिकवलंय असं तीच म्हणते. पण ती भांडी पुसत होती ती थांबली आणि म्हणाली, "घे. माझी गाडी बाहेर उभी राहील."

"काच कोण खरवडणार?"

"तू."

बायकांचं काही कळत नाही. तीस वर्षं मी बर्फ उडवणारा एक स्नो-ब्लोअर घ्यावा म्हणून मागे लागलो तर नाही म्हणाली, आणि हे भंगार घे म्हणते.

९ मार्च, शुक्रवार

आज हॉलमध्ये भांडी धुवायची पाळी कॉनीची आणि माझी होती. नॉर्ब बाहेर फादरांना प्लग पेटायचा क्रम सांगत होता. नवे फादर पोरसवदा आहेत, बिचारे ऐकून घेतात.

कॉनी म्हणाली, "घेतलीस तर तुझ्याकडे ठेव, लेनी. माझ्याकडे नको. रोज सकाळी त्याला तुझ्याकडे सोडत जाईन."

"रोज? मला पाळणाघर काढायचं नाहीये."

"दुपारी घेऊन जाईन."

नॉर्बचा कंटाळा आलाय तिला, दुसरं काय. निवृत्त नवरा दिवसभर पायात घोटाळतो, हे इव्हॉनकडून मी रोज ऐकतो.

"किती दिवसांचं काम आहे?" तिने विचारलं.

"दिवस कसले! आम्ही दोघं, तेही आमच्या वेगाने, म्हणजे पाच वर्षं धर."

ती हसायला लागली. हसता हसता हातातली बशी पाण्यात सुटली. मग साबण डोळ्यात गेला म्हणून बाहेर गेली आणि बराच वेळ आली नाही. उरलेली भांडी मी एकट्याने धुतली. पाच वर्षांत हसण्यासारखं काय आहे?

१८ मार्च, रविवार

सकाळी नॉर्बचा फोन. "लेनी, सापडली! एकोणसत्तरची शेव्हेल, पिंकॉनिंगच्या पुढे."

"माहीत आहे रे. बघून आलो की आपण."

"हो, हो," म्हणाला. मागून कॉनीचा आवाज आला, मग फोन बंद.

जेवताना पुन्हा फोन. "लेनी, सापडली." मी काटा खाली ठेवला. इतक्या आनंदाने सांगत होता की पुन्हा टोकायचं जिवावर आलं. "कुठे?" म्हटलं. त्याने सगळं सांगितलं. कोंबड्यांसकट.

माणूस असा पेटला की त्याला तेच तेच बोलायला आवडतं. मीही इव्हॉनच्या वेळी असाच होतो म्हणे.

७ एप्रिल, शनिवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

ठरवलं होतं की शेवटचं एकदा बघायचं. इंजिन हाताने फिरतं का ते पाहायचं. फिरलं तर बोलणी, नाही तर बाईंना नम्रपणे नाही म्हणून घरी. खरं सांगायचं तर फिरू नये, अशीच माझी इच्छा होती.

रस्त्याकडेचं बर्फ वितळलंय, सगळीकडे चिखल. नॉर्बने आठही प्लग काढले, प्रत्येक भोकात तेल सोडलं, पुढे मोठा पाना लावला आणि दोन्ही हातांनी हळूच रेटला. इंजिन बोटभर हललं.

"बघ! जाम नाही," तो म्हणाला. "पण व्हॉल्व्ह चिकटलेत. आता तेल मुरू द्यायचं. दोन आठवडे कुणी हात लावायचा नाही. त्याआधी जो स्टार्टर मारेल त्याची बोटं मी तोडीन. बाई, तुम्हालाही सांगतोय."

"मी स्टार्टर मारते तो फक्त कोंबड्यांना," बाई म्हणाल्या.

यात मुद्दा असा की नॉर्बसारखा धीराचा माणूस मी पाहिलेला नाही. त्याच्या दुकानात पोरं घाई करायची आणि तो म्हणायचा, गंजाने तीस वर्षं घेतली, तू एक दिवस घे. त्यामुळे मी निर्धास्त होतो.

बाईंनी सँडविच दिले. खाऊन मी त्यांच्याबरोबर गाडीचे कागद बघायला घरात गेलो. नॉर्ब म्हणाला, मी पिकअपमध्ये पडतो जरा. कागद सापडेपर्यंत वेळ गेला. बाईंनी ते शिवणाच्या डब्याखाली ठेवले होते. आणि कोठारातून तो आवाज आला. कुणीही गाडीवाला झोपेतही ओळखेल असा. स्टार्टरची घरघर, मग एक दणका, मग काहीच नाही.

चिखलातून धावलो. माझ्या पिकअपचं बॉनेट उघडं. तिची बॅटरी शेव्हेलपाशी, तारा जोडलेल्या. सगळे प्लग परत बसवलेले, अगदी नीट. नॉर्ब ड्रायव्हरच्या सीटवर, किल्ली बोटांत. उतरला, बॉनेटपाशी आला, आत वाकून बघितलं आणि त्याचं तोंड लाल झालं.

"कुणी फिरवलं हे?" माझ्यावर ओरडला. "सांगून ठेवलं होतं ना? व्हॉल्व्ह अडकलेला, पिस्टन वर जाऊन आपटला! मोडलं आतलं! कोणी हात लावला?"

किल्ली त्याच्या हातातच होती. मागे बाई येऊन उभ्या होत्या.

"मी," मी म्हणालो. "मी लावला."

का म्हणालो ते माहीत नाही.

"तू!" त्याने टोपी काढून जमिनीवर आपटली. "साठी उलटली तरी तुला अक्कल नाही, लेनी! प्रेसवाले ते प्रेसवालेच. बटण दिसलं की दाबायचं!"

आमच्याकडे रीत आहे. दुसऱ्याच्या कोठारातल्या गाडीचं तुमच्या हाताने काही मोडलं, तर ती तुमची. मग घासाघीस करायची नाही. मी बाईंकडे वळून म्हणालो, "तुमचा आकडा मला मान्य आहे."

बाई म्हणाल्या, "मी तर काही पाहिलं नाही. तुम्हाला घ्यायलाच हवी असं नाही."

"घेतली," म्हटलं.

परतीच्या वाटेवर नॉर्ब आमचं बे सिटी येईपर्यंत मला झापत होता. व्हॉल्व्ह म्हणजे काय, तेल कसं मुरतं, घाई कशी नडते, पहिल्यापासून. एकही गोष्ट चुकीची सांगितली नाही. इतक्या दिवसांत तो एवढा खुशीत मला दिसला नव्हता.

८ एप्रिल, रविवार

प्रार्थनेला गेलो नाही. इव्हॉनने कारण विचारलं नाही. खुर्चीत बसून होतो.

आवाज ऐकावासा वाटला असेल त्याला. होतं कधी कधी असं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या केल्या, आपली अशी ही पहिलीच.

मग प्लग इतके नीट का बसवले? एकेक हाताने फिरवून, पान्याने आवळून. त्याला वेळ लागतो. तेवढ्या वेळात माणसाला आठवायला हवं.

पुढे लिहीत नाही.

१४ एप्रिल, शनिवार

गाडी आणली. दुकानातल्या ड्वेनचा ट्रेलर घेतला. गॅरेजमध्ये ढकलताना डावा दरवाजा निखळून इव्हॉनच्या पायाशी पडला. ती म्हणाली, "माझ्या स्वागताला आला वाटतं."

कॉनी आली होती. नॉर्ब आत गाडीशी बोलत बसला, आणि आम्ही दोघं बाहेर बादल्या उलट्या करून त्यावर बसलो. तिने सांगितलं. नोव्हेंबरमध्येच ते मोठ्या इस्पितळात जाऊन आले होते. पिकअप मेकॅनिककडे नाही, तिने ती विकली. इव्हॉनला ठाऊक होतं. फादरांनाही ठाऊक होतं.

"म्हणजे फक्त मला नाही," मी म्हणालो.

"तुला सांगायला तीनदा आले, लेनी. दर वेळी तू विषय बदललास."

मला तसं काही आठवत नाही. पण ती खोटं बोलणारी नाही.

"किती वेळ आहे?" विचारलं.

"गाडीएवढा नाही," ती म्हणाली.

आतून नॉर्बचा ठोकण्याचा आवाज येत होता.

३ मे, गुरुवार

नॉर्ब रोज सकाळी येतो, दुपारी जातो. काही दिवस चांगले. आज बॉनेट उतरवलं आणि पुढची ग्रिल काढली. माझा हात वर जात नाही म्हणून वरचे बोल्ट तो काढतो, खालचे मी. कुठला बोल्ट कुठला, हे तो सांगतो आणि मी डब्यावर लिहितो. मध्येच हात थांबतो, पाना तसाच धरून उभा राहतो. मी खालचा बोल्ट काढत राहतो. थोड्या वेळाने पाना पुन्हा चालायला लागतो.

इंजिन उघडलं. दोन व्हॉल्व्ह वाकलेले, एक पिस्टन गेला. "हे कुणाचं काम?" म्हणाला. "माझं," म्हणालो. पुन्हा सगळं ऐकून घेतलं.

मला कमरेत वाकता येत नाही आता. अंग दुखतं, झोप नीट लागत नाही. दुकानात सांगितलं की यापुढे पार्ट पोचवायला येणार नाही. मालक म्हणाला, लॉटरी लागली का काय.

१९ मे, शनिवार

पहिल्यांदाच दार उघडं टाकून काम करता येईल अशी हवा. शेजारचे गवत कापत होते. कॉनीने नॉर्बला सोडलं आणि बाजाराला गेली.

तो गॅरेजच्या दारात थांबला. आत येईना.

"अरे! एकोणसत्तरची शेव्हेल," म्हणाला. "कुणाची ही?"

मी पाना खाली ठेवला. खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण बाहेर पडलं ते वेगळंच. "विकायला आहे. मी बघायला आलोय."

"मग मला बोलवायचं नाही का? तुला काय कळतं त्यातलं?"

बाह्या सरसावून कामाला लागला. भोवती फिरला, पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक करून आवाज ऐकला, जमिनीवर आडवा होऊन खाली सरकला. मी स्टुलावर बसून त्याचे बूट बघत होतो. कॉनीने नाड्या दुहेरी गाठीने बांधल्या होत्या. बराच वेळ खाली होता. बाहेर आला तेव्हा भुवयांवर गंज पडला होता.

माझी बाही धरून मला बाहेर रस्त्यापर्यंत नेलं. आवाज खाली आणला.

"मालक कुठे आहे?"

"घरात," मी म्हणालो. स्वयंपाकघराच्या खिडकीत इव्हॉन दिसत होती.

"मग हळू बोल. लेनी, नको घेऊस. मागची चासी संपली. इंजिनाचा कुणीतरी सत्यानाश केलाय. चांगला हात असलेल्या दोघांना पाच वर्षं लागतील. तुझा खांदा असा." तो थांबला, स्वतःच्या हातांकडे बघितलं. "आणि मी पण पूर्वीसारखा नाही. तुझ्या लक्षात आलं नसेल."

"नाही आलं," मी म्हणालो.

"आपल्याकडून पुरी व्हायची नाही ही. खोटं कशाला बोलू तुझ्याशी?"

"माहीत आहे, नॉर्ब. पण मी शब्द देऊन बसलोय."

त्याने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. लहानपणी मी काही फोडलं की वडील यायच्या आधी असाच बघायचा.

"देऊन बसलास," म्हणाला. "बरं. मग आता काय करणार? मी आहे म्हण."

दुपारपर्यंत आम्ही डिकीचं झाकण काढलं. एक बिजागरी निघाली, दुसरी निघाली नाही. कॉनी आली, त्याला गाडीत बसवलं, पट्टा लावला. गाडी निघता निघता त्याने काच खाली केली आणि मला जवळ बोलावलं.

"त्या माणसाला लगेच हो म्हणू नकोस," कुजबुजला. "आधी भाव पाड."

पाडतो, म्हणालो.